पाळणीतला बोटवाला

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते रनाळ्याच्या माझ्या सुमनताईचे. ती सातवीनंतर शेतात राबली, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. फौजदार झाल्यावर प्रत्येक मोठ्या गुन्ह्याविषयी मी तिला पत्र लिहीत असे. ती बजावायची, "भाऊ, तू चोर धरा हाई लिखस, पन तो काबर चोर व्हयना तेबी लिखत जाय." चोर का झाला, हेही तिला हवे असे.

नर्मदेच्या फुगवट्यावरची ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा सातपुड्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धरणाच्या पाण्याने तिथले पात्र रुंद झालेले. डोंगर पाहायला, तंबूत राहायला, बोटीतून फिरायला पर्यटक येत. होळीच्या तोंडावर तर जास्तच.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी तंबूंच्या मालकाचा फोन आला. वळणावर बोट कलंडली होती. गुजरातेतून आलेली एक बाई बुडाली, तिचा नवरा वाचला. आम्ही पोहोचलो तेव्हा मृतदेह काठावर होता. पंचनामा केला. लाइफ जॅकेटे शेडमध्ये होती, प्लास्टिकच्या वेष्टनातच. मालकाने काठावर ओल्या कपड्यांत बसलेल्या पावरा आदिवासी बोटवाल्याकडे बोट दाखवले.

"साहेब, त्यालेच इचारा ना. तोच व्हता बोटवर."

"तू होतास?" मी विचारले.

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "मीच. बाई माझ्यामुळे मेली."

गुन्हा कबूल, आरोपी समोर. त्याला ठाण्यात आणले. तो बाकावर बसेना. जमिनीवर बसला. चहा दिला, घेतला नाही. जेवण आणले, शिवले नाही. आमचे हवालदार वैतागले.

"साहेब, यापेक्षा जावई बरा. रुसला तरी चहा पितो."

मी पुन्हा विचारले, इंजिन कोणत्या हाताने फिरवत होतास, बाई कुठे बसली होती? तो प्रत्येक वेळी एवढेच म्हणे, "मीच, साहेब." कबुली देणारा माणूस तपशील देत नसेल, तर थांबावे, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

दुपारी त्याची बायको आली. तिने व्हरांड्यात गाठोडे ठेवले आणि दूर जाऊन उभी राहिली. ती मागे सरल्यावरच त्याने ते उचलले. आत ज्वारीचे पीठ आणि एक भांडे.

"नवरा-बायकोचं भांडण दिसतंय," हवालदार म्हणाले.

भांडण नव्हते. होळीच्या बंदोबस्तात मी असे पुरुष पाहिले होते. देवाला नवस बोलून ते होळीआधी पाळणी धरतात. बाजेवर-बाकावर बसत नाहीत, स्वतः रांधलेलेच खातात, बाईला शिवत नाहीत. होळीच्या रात्री मोरपिसांचा टोप घालून नाचले की नवस फिटतो. मी त्याच्या बायकोला विचारले. लेकीला फिट येतात, तिच्यासाठी पाळणी होती.

मग हा माणूस एका बाईला हात धरून बोटीत कसा चढवील?

तडक तालुक्याचा दवाखाना गाठला. बाईचा नवरा आता बोलू शकत होता.

"बोटीत चढताना हात कोणी दिला?"

"मालिक के लड़के ने. वही चला रहा था. एक हाथ में मोबाइल, वीडियो बना रहा था। ये आदमी तो किनारे पे था। उसी ने मुझे निकाला, फिर मेरी बीवी को।"

मालकाचा मुलगा पोहून काठाला लागला होता; त्याचा मोबाईल जप्त केला. चित्रफितीत सगळे होते. मुलाला अटक झाली. बोटवाल्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला.

"खोटं का बोललास?"

"खोटं नाही, साहेब. तिच्या नवऱ्याला लगेच काढला. बाईच्या वेळी मी पाण्यात थांबलो. हात लावू की नको. पोरगी आठवली. मग धरली. तोवर…"

"जा, उद्या होळी आहे. वेळेवर पोहोचशील."

"आता नाही नाचायचं. पाळणी मोडली."

पुढे बोटी बंद झाल्या. गावाचा तेवढाच आधार होता. कबुली आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या प्रकरणाने शिकवले. माणूस ज्यासाठी स्वतःला दोषी धरतो, त्याला आमच्याकडे अनेकदा कलमच नसते. त्या आठवड्यात ताईला लिहिलेले पत्र असे होते:

"ताईस नमस्कार. खरा आरोपी सापडला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. ज्याला सोडले त्याला मी सांगितले की तुझा दोष नाही, तू एकाचा जीव वाचवलास. त्याने मान हलवली, ती साहेबाचा मान राखण्यापुरती. गाडी देऊ केली, तर पिठाचे गाठोडे घेऊन चालत गेला. बायको मागून दूर अंतरावर चालत होती. पाळणी मोडली, तरी तो तिला जवळ येऊ देत नव्हता. ताई, तू नवस केले आहेस, फेडले आहेस. अशा माणसाला काय सांगावे? तुला सुचले तर कळव. मी त्याच्या गावी पुन्हा जाईन."