मोलीसाठी वाजवलेली रील

वृषालीवहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये मी नर्स आहे. ड्यूटीला निघायच्या गडबडीत होते. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि मी पर्स खाली ठेवून फोन उचलला. "अनघा, सुधीर मागच्या पॅडॉकमध्ये, गवतात पडलाय गं... उठतच नाहीये." सुधीरदादाला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या फोनची भीती मी जवळजवळ वर्षभर बाळगली होती, आणि वहिनीला ते ठाऊक नव्हतं.

दादा पुण्याचा, इथे दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. लहानपणी शिकलेलं व्हायोलिन वर्षानुवर्षं कपाटात पडून होतं. एकदा पबमध्ये आयरिश मंडळी गोल करून फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवताना त्याने ऐकली आणि पुढच्याच आठवड्यात आपलं व्हायोलिन घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. बोटांतली मींड काही केल्या सुटेना. रील म्हणजे त्यांची भरधाव नाचाची धून, तिच्यातही ती मध्येच डोकवायची, आणि तिथले म्हातारे तिला 'सुधीरचं वळण' म्हणू लागले. मग गावाबाहेर जागा घेतली, कुणाला नको असलेली दोन गाढवं आली, आणि शेवटी मोली, एक आंधळी घोडी. मोली कुणाच्या ओढण्याने हलायची नाही. फिडल ऐकू आली की मात्र मान वर करून आवाजाच्या दिशेने चालत यायची.

गेल्या हिवाळ्यात त्याने मला काही रिपोर्ट दाखवले. हृदयाची झडप अरुंद झाली होती, ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. "वृषालीला इतक्यात सांगू नकोस," तो म्हणाला. "मला भीती वाटते गं. टेबलावरून उठलोच नाही तर मोलीला कोण बोलावणार?" मी हो म्हटलं.

त्यानंतर महिनाभराने तीन दिवस सतत पाऊस पडला. वहिनी मुलीकडे पापाकुराला गेली होती. सकाळी दादाचा फोन आला, "मागचा ओढा फुगलाय, येतेस का?" मी पोचले तोवर गाढवं उंचावर चढली होती, पण मोली पलीकडच्या कुंपणाशी पोटापर्यंत पाण्यात उभी. मी नको नको म्हणत असताना दादाने कमरेला दोर बांधला, टोक खांबाला गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि पाण्यात उतरला, खांद्यावर फिडल घेऊन. मांडीभर पाण्यात थांबून, भर पावसात वाजवू लागला. मोलीचे कान हलले. तिने एक पाऊल टाकलं. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते. ते निळे पडत चालले होते.

"दादा, बास! बाहेर ये!"

"थांब गं, येतेय ती!"

मध्येच सूर तुटला. तो वाकला, छातीशी हात नेला. मोली जागीच थबकली. मी दोराचा आणखी एक वेढा खांबाला घालून आवळला. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि पुन्हा गज टेकवला... मोलीचं ओलं तोंड त्याच्या पाठीला लागेपर्यंत तो वाजवत राहिला.

वर आल्यावर चिखलात बसून म्हणाला, "वृषालीला फक्त पुराचं सांग." मी तेवढंच सांगितलं. पुढे तो ऑपरेशनला तयार झाला, तारीखही मिळाली. तारखेच्या तीन आठवडे आधी गेला. वहिनीला 'किरकोळ प्रोसीजर' एवढंच माहीत होतं.

दिवस झाल्यावर मी वहिनीसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता उठून दार दाखवील.

"मला कळलं असतं तर मी त्याला ओढत नेलं असतं," ती म्हणाली. "यासाठी मला तुझा राग यायचाच, अनघा. येऊ दे. पण येणं बंद करू नकोस."

म्हणून जाते. रविवारी वहिनीबरोबर तबेल्यात गेले, तर खुंटीवर दादाचा जुना रेनकोट. वहिनीने तो अंगावर चढवला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या. खिशात हात घातला तर मोलीसाठी ठेवलेले गाजराचे वाळलेले तुकडे निघाले. तिने ते मोजलेही नाहीत, टाकलेही नाहीत. पुन्हा खिशात ठेवले, आणि कोट न काढता चारा घालायला गेली.