फल्लीचा कप्पा

त्रिवेणी नक्की काय काम करते, हे तिच्या घरी कुणाला कधी नीट उमगलं नाही. अंबरपेठेतल्या शेजारणींना तिची आई कुसुमताई सांगायची, "काम्पुटरवर गाणी निवडती," जसे तांदूळ निवडतात. आणि तसं बघितलं तर ते फार चुकीचंही नव्हतं. कुकटपल्लीतल्या एका कंपनीकडे अमेरिकेतल्या मोठ्या संगीतसंग्रहाचं काम होतं. तिकडून अल्बम यायचे. इकडे पोरंपोरी कानाला हेडफोन लावून त्यातलं थोडं थोडं ऐकायची, आणि हा रॉक, हा जॅझ, हा चर्चमधला, अशी खूण करून ज्याला त्याला आपापल्या कप्प्यात टाकायची.

दोन हजार आठ साली ग्रॅमीवाल्यांनी केजन आणि झायडेको या अमेरिकेतल्या प्रांतीय संगीताच्या अल्बमसाठी वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली, तेव्हा संग्रहानेही तसा कप्पा उघडला. तो कुणालाच नको होता. टीमचा प्रमुख अभिजीत सगळ्यांच्या तोंडाकडे बघून झाल्यावर म्हणाला, "त्रिवेणी, तू घे. तुला तसंही खिचडी भाषेची सवय आहे."

घरी बिदरकडची मराठी, शाळेत तेलुगू, रस्त्यावर दखनी. त्रिवेणीला यात राग येण्यासारखं काही दिसलं नाही. "हौ सर, द्या," ती म्हणाली.

पहिला अल्बम लावला आणि तिचा हात माउसवरच राहिला. एक पेटी श्वास घेत होती. पोटाला बांधून वाजवायची, भात्यासारखी उघडमीट करणारी. मागे व्हायोलिन लांबून हाक मारल्यासारखं, आणि मध्येच कुणीतरी छातीवर पत्र्याची किसणी बांधून तिच्यावर चमचे घासावेत तसा खरखरीत ताल. नंतर वाचलं तेव्हा कळलं, खरोखरच छातीवर पत्रा बांधतात. थोडं ऐकून पुढे जायचं, असा कामाचा नियम होता. तिने तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला.

मग हे रोजचं झालं. ही गाणी जिथली, तो लुईझियाना नावाचा मुलूख तिने नकाशावर शोधला. समुद्राकाठची दलदल, पाण्यात उभी असलेली झाडं, त्यांच्या फांद्यांना लोंबणारं राखी शेवाळ. संध्याकाळी घरी येताना बस मूसी नदीवरच्या पुलावर थबकली की खालच्या जलपर्णीकडे बघत ती डोळे अर्धे मिटायची. हळूहळू पूल विरघळायचा. हिरव्या पाण्यातून होडीसारखी बस सरकत राहायची, रिक्षांचे भोंगे पेटीच्या सुरात मिसळायचे, आणि कुठल्याशा लाकडी घराच्या ओसरीवर म्हातारे नवराबायको एकमेकांना धरून नाचत असायचे. कंडक्टर ओरडायचा, "अंबरपेठ! उतरो अम्मा, सो गए क्या?"

तिचे वडील नामदेवराव बेगम बाजारात शेंगदाण्याच्या आडतीवर नोकरीला होते. एका रविवारी त्यांनी तिला विचारलं, "काय ऐकूलालीस गं माय एवढं डोळे मिटून?"

"शेंगांचं गाणं, अप्पा."

"शेंगांचं?"

"झायडेको म्हणतात. तो शब्दच म्हणे त्यांच्या फ्रेंचमधल्या घेवड्याच्या शेंगांवरून आलाय. गरिबीत नुसत्याच शिजवलेल्या, अळणी."

नामदेवरावांनी इअरफोनचं एक बोंडूक आपल्या कानात घातलं. थोडा वेळ त्यांची मान हलत राहिली. "ही फ्रेंच है?"

"है. पण फ्रान्सवाले हसतात म्हणे त्यांच्या बोलीला."

"मग आपल्यासारखीच की. पुण्याच्या पाहुण्यांसमोर तुझी आई तोंड उघडती का?" त्यांनी बोंडूक परत दिलं. "आन् शेंगा-बिंगा काय म्हणतीस गं, साहेबीण झालीस का? फल्ली म्हण, फल्ली."

तेव्हापासून जो अल्बम मनात उतरायचा त्याच्यासाठी पडद्यावर असलेल्या टिपणाच्या चौकटीत ती इंग्रजी अक्षरांत 'फल्ली' लिहू लागली. ती चौकट कुणी वाचत नसे. दर हिवाळ्यात पुरस्काराची नामांकनं आली की ती स्वतःशीच जिंकणाऱ्याचं एक नाव ठरवायची. एकदा ते बरोबर आलं तेव्हा तिने कॅन्टीनमध्ये सगळ्या टीमला मिरची भजी खाऊ घातली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

अकरा सालच्या एप्रिलमध्ये बातमी आली. ग्रॅमीवाल्यांनी पुष्कळ छोटे पुरस्कार एकत्र केले होते. केजन आणि झायडेकोचा पुरस्कार चार वर्षांतच संपला होता. आता हवाईची गाणी, पोल्का आणि ही सगळी मंडळी प्रांतीय संगीताच्या एकाच पुरस्कारासाठी उभी राहणार होती. मागोमाग संग्रहाचाही निरोप आला: तो कप्पा मोडा, सगळं प्रांतीयमध्ये घाला.

"मशीन करेल, तुला हात लावायला नको," अभिजीत म्हणाला. "उद्यापासून तू रिंगटोनवर."

त्रिवेणीने मान हलवली. त्या संध्याकाळी पुलावर बस थांबली तेव्हा खाली नुसती जलपर्णी होती. तिला वाईट वाटत होतं ते पुरस्काराचं नव्हे. त्या ढिगात पडल्यावर ती माणसं पुन्हा कुणाला सापडणार नाहीत, याचं.

दुसऱ्या दिवशी तिने भीत भीत जुन्या यादीत डोकावलं. कप्पा गेला होता. पण त्याच्या जागी एक नवाच उभा होता. फल्ली. आत तिचे सगळे आवडते अल्बम, एकही न हरवता.

बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं. मागच्या दिवाळीच्या सुमारास पडद्यावरची मांडणी बदलली होती आणि प्रकार व टिपण यांच्या चौकटी एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. त्यानंतर तिने अख्खा कप्पा पहिल्यापासून तपासला होता, जुन्या सवयीच्या बोटांनी. आवडत्या अल्बमांचा प्रकार टिपणात गेला होता, फल्ली प्रकारात, आणि त्या नावाचा कप्पा यादीत आपोआप उघडला होता; ती यादी तिने तेव्हापासून बघितलीच नव्हती. मशीनने केजन आणि झायडेको शोधून उचलले. फल्लीला ते ओळखत नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवरून ईशा वाकली. ती पुण्याची, नव्यानेच आलेली, तपासणीचं काम बघायची. "फल्ली? त्रिवेणी, हे काय आहे?"

"शेंगा."

"ही मराठी आहे?"

"बेगम बाजारात आहे."

"अगं, क्लायंटने बघितलं तर? पुसून टाक आत्ताच्या आत्ता."

त्रिवेणीचा हात कळफलकावर गेला आणि तिथेच थांबला. "पुसते," ती म्हणाली. "पण आधी एक ऐक."

ईशाने घड्याळाकडे बघत हेडफोन घेतला. म्हातारा आवाज, पेटी, किसणी. गाणं संपलं तरी तिने तो काढला नाही. "काय म्हणतोय गं हा?"

"सगळं नाही कळत मला. आपल्या घरचं कुणीतरी लांबून बोलतंय असं वाटतं."

"आमच्या घरचं नाही हं," ईशा म्हणाली, आणि पुढचं गाणं तिने स्वतःच लावलं.

दुपारी तिने संग्रहाला निरोप लिहिला, त्रिवेणीला वाचून दाखवत. प्रकाराच्या जागी चुकून स्थानिक शब्द पडला आहे, दुरुस्ती करत आहोत. मात्र या अल्बमचा ताल आणि भाषा वेगळी असल्याने तो शब्द शोधखूण म्हणून ठेवता येईल का?

"स्थानिक म्हणजे कुठला, ते विचारतील," त्रिवेणी म्हणाली.

"विचारू देत. तू सांग."

कुणी विचारलं नाही. आठवड्याने एका ओळीचं उत्तर आलं: प्रकार बदला, शोधखूण आतल्या वापरापुरती राहू द्या. म्हणजे अमेरिकेत कुणाला ती दिसणार नव्हती. पण कुकटपल्लीतल्या त्या मजल्यावर कुणी फल्ली असं टाइप केलं, तर ढिगातून ती सगळी माणसं उठून एकत्र येणार होती.

त्रिवेणी रिंगटोनवर गेली. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिचं तेच चालू राहिलं, आणि नवे अल्बम आले की तीच त्यांना खूण करायची. पुढच्या हिवाळ्यात केजन आणि झायडेकोची वेगळी नामांकनं आली नाहीत. त्यांच्यातला सगळ्यांत चांगला कोण, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. तिने डबा बाजूला सारला, हेडफोन चढवला आणि यंदाचं नाव ठरवायला फल्लीतला एकेक अल्बम पहिल्यापासून ऐकायला घेतला.