मांडवीच्या भिंतीवरचा सडा

आता काय सांगू तुम्हाला! पोराचं जमत आलेलं लग्न बापानेच एका फोटोपायी मोडत आणलं, असं कधी ऐकलंय? नाही ना? मग बघून घ्या, तो बाप तुमच्यासमोर चहा पितोय!

निनादसाठी मुलगी बघायला आम्ही मांडवीला गेलो होतो. मुलगी, रेवती, फोटोग्राफर. पोरांची पसंती झालेली, फक्त तिच्या आईचा होकार बाकी होता. बाई मोजकं बोलणाऱ्या. आमच्या हिने रिक्षातच बजावलं, "अहो, तिथे आंब्याच्या कलमांचं पुराण लावू नका हो."

मी कशाला लावतोय? पण समोरच्या भिंतीवर तो फोटो! दाराएवढा, काळा-पांढरा. ना आभाळ, ना झाड, ना माणूस. कशाचा तरी नुसता एक तुकडा आणि त्यात भेगाच भेगा. भेगांत काळाकुट्ट अंधार, कडांवर लख्ख उजेड. पोह्यांचा चमचा हातातच राहिला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं मला.

"काय हा सडा!" मी उठलोच. "आपल्या जांभ्या दगडाचं माळरान! रंग काढून घेतलात तरी ओळखलं की नाही?"

रेवती काहीतरी बोलायला गेली. पण मी थांबतोय होय?

"आमच्याच गावचा आहे हा. ही मधली भेग दिसते ना? लहानपणी हिच्यात माझी चप्पल अडकली होती!"

"अहो..." आमची ही.

"थांब गो! किती पावसाळे झेललेत यानं! किती गुरं तुडवून गेली असतील!"

रेवतीच्या आईने पाय साडीखाली ओढून घेतले. मला वाटलं, बाईंना पंख्याचा वारा लागतोय.

"पण एक सांगतो हो वहिनी, इथे कुदळीने काही व्हायचं नाही. सुरुंगच लावायला हवा! मग खड्ड्यात माती भरा, कलम लावा..."

"काका," रेवती हळूच म्हणाली, "ती आईची टाच आहे."

निनादने डोळे मिटून घेतले. संपलं! सोयरीक बुडाली समुद्रात, आणि बुडवली कोणी? मी!

"अख्खा पाय दाखवला असता," रेवती म्हणाली, "तर तुम्ही एकदा बघून पोहे खाल्ले असतेत."

आणि त्या मोजकं बोलणाऱ्या बाई हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"घरातली सगळी तोंडं वाकडी करतात, क्रीम लाव म्हणतात. एवढ्या भक्तीने कोणी बघितलंन होतं माझ्या टाचेकडे? मला पसंत आहे हो हे स्थळ."

लग्न झालं. परवा सूनबाईंचं प्रदर्शन लागलं. आता मी शहाणा झालेलो, आधी विचारायचं, मग बोलायचं. एका फोटोपुढे मात्र पुन्हा भान हरपलं. काळीभोर गुहा, तोंडाशी पारंब्या लोंबलेल्या, आत उजेडाचा ठिपका नाही. नकळत हात जोडले गेले.

"सूनबाई, एवढी पुरातन गुहा कुठे गो सापडली तुला?"

"घरातच, बाबा. दुपारी जेवून घोरत पडला होतात ना, तेव्हा काढली. नाक आहे ते तुमचं."