आधी वार तोला

बाळ रडलं की आम्ही सगळ्या हुश्श करायचो. काटेबाई मात्र विचारायच्या, “वार पडली का? तोलली का?” मारेगावकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यातल्या त्या सर्वांत जुन्या सिस्टर आणि मी सर्वांत नवी. डोकं उठवायच्या अगदी!

तोलायची म्हणजे नुसती काट्यावर ठेवायची नाही. आधी रक्ताच्या गाठी काढा, पडदे सोडवा, नाळ बुडापासून कापा. “नाळेसकट तोललं त वजन खोटं येते वं. नऊ महिने पोरगं ज्या ताटात जेवलं, ते ताट केवढं होतं ते पाहू दे.” रजिस्टरात तसा रकानाही नव्हता! बाई समासात लिहायच्या आणि आमचे डबे थंडगार.

एका दुपारी तांड्यावरची पहिलटकरीण मोकळी झाली. मुलगी अडीच किलोला जेमतेम टेकलेली, पण रडली खणखणीत. तिच्या आजीला वार अंगणात पुरायला न्यायची होती, दाराशी ऑटो उभा. मी गाठी-नाळेसकटच तोलली, आकडा लिहिला आणि वार डब्यात घालून आजीच्या हाती दिली. बाईंनी डब्याआधी माझं तोंड पाहिलं. “नाळ कापली होती का?” तोवर ऑटो सुटला होता. बाई चपला हातात घेऊन ऑटोमागे धावल्या आणि आजीसकट डबा परत घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीट तोलली तर वार भलतीच हलकी, त्यात कडक पांढुरके डाग. “पोरीले पोटात कमी पडलं हाय. साखर पाहत राह्य.”

“अहो बाई, चांगली गुलाबी आहे ती!” मी करवादले.

तासाभरात ती गुलाबी पोर लुळी पडली, दूध ओढेना. साखर पार खाली गेली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! आजीला डबा देऊन म्हणाल्या, “आता न्या, माय.”

बाईंच्या निरोपाच्या दिवशी आजी त्या पोरीला घेऊन आली. पोर चालायला लागली होती. बाई म्हणाल्या, “आधी काट्यावर ठेवा.”

“बाई, आज तरी कडेवर घ्या हो!” मी ओरडलेच.

“घेतो नं. तुले कायची घाई?” त्यांनी आकडा पाहिला, पेन माझ्या हातात ठेवलं आणि पोरीला उचलून घळाघळा रडल्या.

काल प्रसूतीच्या खोलीत नवी सिस्टर माझ्यामागे पुटपुटली, “डोकं उठवते ही बाई!” मला ऐकू आलं.

“नाळ कापली का?” मी विचारलं.