जावयाचं गाणं आणि माझं 'च्'

माझा जावई कॅनडाचा. तो गाणी लिहितो आणि दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून देतो. लग्न ठरलं तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांना हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. गाणी लिहितो म्हणजे गातो का? नाही. मग वाजवतो? वाजवतो, पण तो काही त्याचा धंदा नव्हे. शेवटी 'तो आवाजाचा इंजिनिअर आहे' असं सांगून मी मोकळी झाले. इंजिनिअर म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

थंडी सोडून बाकीचे दिवस मी न्यूझीलंडमध्ये, न्यू लिनला लेकीकडेच असते. गॅरेजमध्ये जावयाचा स्टुडिओ, आणि गाडी बिचारी बाहेर भिजत उभी. रेकॉर्डिंग चालू असताना कुकर लावायचा नाही, हा या घरातला कायदा. एकदा मी विसरले आणि शिट्टी थेट एका गायिकेच्या तानेत घुसली. त्याने ती तशीच ठेवून दिली, वर मला 'थँक्स आई' म्हणाला. असा माणूस आवडणार नाही तर काय होणार?

तरुणपणी त्याची गाणी तिकडे कॅनडातल्या बऱ्याच गायकांनी गायली. त्यातलं एक तर इथल्या सुपरमार्केटातही लागतं. ते लागलं की हा ट्रॉली ढकलत दुधाच्या फ्रिजकडे पळतो. मी मात्र काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, हे माझ्या जावयाचं गाणं. ती 'स्वीट ॲज', म्हणजे इकडचं 'मस्तच', म्हणाली आणि कांदे वजन करायला लागली. शब्द याचे, चाल याची आणि नाव भलत्याचंच, हे मला सारखं टोचायचं. तू का गात नाहीस असं विचारलं की म्हणायचा, माझा आवाज साधा आहे.

अखेर पन्नाशीत त्याने स्वतःच्या आवाजातला पहिला अल्बम करायला घेतला, तो एका गाण्यासाठी. ते त्याच्या आईवर होतं. एक दिवस मला गॅरेजमध्ये बसवून त्याने त्याचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. आई गेली तेव्हा तो कुणाची तरी रेकॉर्ड पुरी करत बसला होता, घरी पोचायला उशीर झाला. फ्रीझर उघडला तर आत सुपाचा डबा, त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर आईच्या अक्षरात त्याचं नाव. गाण्यात एवढंच होतं. डब्याची ओळ आली आणि माझ्या तोंडून 'च्' निघालं. मग पुन्हा एकदा, 'च् च्'. गाणं संपल्यावर मला काही बोलवेना, म्हणून मी वर येऊन भाजी चिरत बसले.

पुढच्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालताना लेक फणकारली.

"आई, नसेल आवडलं तर सरळ सांगायचंस ना. तोंडावर च् च् काय करायचं? किती अपसेट झालाय तो. गाणं तिकडच्या एका सिंगरला देऊन टाकतोय."

मी चाटच पडले. त्यांच्याकडे म्हणे पोराने दूध सांडलं की असा आवाज काढतात. मला आधी रागच आला. चार घरं पलीकडचा नळ ठिबकला तरी ज्याला ऐकू येतो, त्या कानसेनाला सासूचं 'च्' कळू नये? तशीच जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, फटकारत गॅरेजमध्ये गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला समजवायला लागले. एक 'च्' वैतागाचं, एक नकाराचं आणि एक जीव कळवळल्याचं. त्याने माझ्यापुढे माइक धरला, तिन्ही रेकॉर्ड केली, हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली आणि म्हणाला, तिन्ही सारखीच आहेत.

म्हटलं, आवाज सारखाच असतो, चेहरा बघायचा असतो, आणि तू बघत होतास मशीनकडे. लेकीच्या बॅगेत भरलेल्या प्रत्येक डब्यावर मी अशीच पट्टी लावलेली आहे. त्या ओळीला मी तुझी आई झाले होते रे.

तो मान खाली घालून केबल गुंडाळत राहिला. मग मात्र मी जरा आवाज चढवूनच बोलले.

"तू हे दुसऱ्याला दिलंस ना, तर त्या डब्यावर दुसऱ्याचं नाव लागेल."

संध्याकाळी लेकीकडून कळलं, त्याने त्या सिंगरला नाही म्हणून कळवलंय.

शनिवारी त्याने ते स्वतः गायलं. मी समोर बसावं असा त्याचा हट्ट. गॅरेजमधला फ्रिज बंद, कुकर बंद, आणि माझं तोंड बंद. डब्याची ओळ आली तेव्हा मी ओढणीचा बोळा दातांत धरला, कारण आता एक 'च्' जरी निसटलं असतं तरी सगळं पुन्हा गावं लागलं असतं. त्याचा आवाज खरंच साधा आहे. आपल्या घरात कुणी बोलावं तसा.

गाणं संपलं. त्याने हेडफोन काढले, मशीनकडे पाठ केली आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"च्," तो म्हणाला. अगदी तिसरं.