दुपारी तीनचा समुद्र

बंगळूरपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, आणि हेमलताबाईंनी तो उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलेला, कारवारच्या पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. तोही धड नाही, कारण पुढच्या सीटवरच्या गृहस्थाने ऊन लागतं म्हणून पडदा ओढून घेतला. तरीही वेंगुर्ला आणि मालवणकडचे तेराशे मच्छीमार रोज दुपारी तीन वाजता त्यांचं ऐकून दर्यावर जायचं की नाही ते ठरवतात. यात काही वावगं आहे असं बाईंना आठ वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

बाई मूळच्या निपाणीच्या. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चामराजपेटेत आल्या. नवरा सूर्यकांत शिवाजीनगरात चष्म्याच्या दुकानात, घरातली भाषा मराठी, पण भाजीवाल्यापासून शेजारच्या अक्कापर्यंत सगळं कानडीत, त्यामुळे बाईंच्या तोंडात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. आधी त्या एका दंतवैद्याकडे फोन घ्यायच्या. दाढ ठणकणाऱ्या माणसालाही त्यांच्या ‘उद्या सकाळी या’ने बरं वाटायचं, असं ते डॉक्टरच सांगायचे. तिथल्याच एका पेशंटने त्यांना बसवनगुडीतल्या संस्थेत नेलं. संस्था म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सरकारी हवामान खात्याचं समुद्राचं पत्रक दुपारी इंग्रजीत येतं. बाईंनी ते मराठीत करायचं, पाऊण मिनिटात वाचून रेकॉर्ड करायचं, आणि बरोबर तीनला कॉम्प्युटर ते तेराशे मोबाइलवर फोन लावून ऐकवतो. सुरुवातीचा नमस्कार सोडला तर पत्रकात नसलेला एक शब्दही बोलायचा नाही, हा संस्थेचा नियम.

नियम बाईंनी पाळला. शब्द पत्रकाचेच असत, जीव मात्र त्यांचा. लाटा साडेतीन मीटर असं आलं की त्या आधी भिंतीकडे बघत, पंख्याच्याही वरपर्यंत पाणी मनात उभं करत, आणि मग माइकजवळ जात. अशा दिवशी त्यांचा आवाज आपोआप खाली उतरे. समुद्र शांत असला की तोच आवाज मोकळा होई, पाहुण्यांना ‘बसा, चहा टाकते’ म्हणावं तसा. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. यंत्राचा आवाज वापरायचं दोनदा ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “यंत्राला कुणाची काळजी वाटते?” दोन्ही वेळा यंत्र मागे पडलं आणि बाई राहिल्या.

गेल्या ऑक्टोबरात सूर्यकांतच्या घशाशी गाठ आली. तपासणीला तुकडा काढून दिला आणि बारा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सूर्यकांत विनोद करायचा, बाई हसायच्या आणि दोघांनाही त्यातलं काही खरं वाटायचं नाही. बाराव्या दिवशी, दुपारी अडीचला, बाई ऑफिसात पत्रकाचं मराठी लिहीत असताना त्याचा फोन आला. “अगं, साधी गाठ आहे म्हणे. काही नाही. येताना अर्धा किलो म्हैसूरपाक आण.” बाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि माइकसमोर बसल्या.

पत्रक इशाऱ्याचं होतं. रात्री दहापासून दक्षिण कोकण किनाऱ्यालगत आणि दूर समुद्रात वारे ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर, लाटा तीन ते साडेतीन मीटर, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परतावं. बाईंनी शब्दन् शब्द बरोबर वाचला. एक आकडा चुकला नाही. तीनला फोन गेले.

साडेतीनच्या पुढे तनय त्यांच्या टेबलाशी आला. तनय पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी आलेला इंजिनिअर. कॉम्प्युटरची सगळी भिस्त त्याच्यावर आणि त्याच्या दुपारच्या जेवणाची भिस्त बाईंच्या डब्यावर. त्याने फोन किती वेळ ऐकला जातो ते, जुन्या फोनांच्या नोंदींसकट, दाखवणारी नवी सोय त्याच आठवड्यात केली होती.

“काकू, आज सर्व्हरला काहीतरी प्रॉब्लेम आहे. इशाऱ्याच्या दिवशी लोक शेवटपर्यंत ऐकतात, जुना सगळा डेटा तसाच आहे. नॉर्मल दिवशी आठ सेकंदांत कट करतात. आज वॉर्निंग असूनही आठच सेकंद.”

“सगळे?”

“ऑलमोस्ट सगळे. कॉल ड्रॉप होत असणार.”

बाईंनी मनातल्या मनात आपलं रेकॉर्डिंग मोजलं. आठ सेकंदांत काय होतं? ‘नमस्कार मंडळी, मी हेमलता, आजचा समुद्राचा अंदाज ऐका.’ एवढंच. वारा, लाटा, इशारा, सगळं त्याच्या पुढे. त्यांनी वेंगुर्ल्याच्या रघुजींना फोन लावला. रघुजींची स्वतःची बोट होती आणि संदेश नीट पोचतो का ते कळवायचं काम संस्थेने त्यांच्यावर सोपवलं होतं.

“रघुजीभाऊ, तीनचा फोन आला ना?”

“इलो तर. बाय, आज तुमी खुशीत होतात. म्हटलंय, दर्या बरो असतलो.”

“पुढचं ऐकलं नाहीत?”

“आमी आकडे ऐकणव नाय. तुमचो आवाज ऐकलो की कळता.” रघुजी कौतुकाने बोलत होते. “अर्धो तास झालो बोटी सुटान. माझो झील पण गेलो हा.”

ज्या आवाजाचा आठ वर्षं तोरा मिरवला त्यानेच रघुजींच्या मुलाला दर्यावर धाडलं होतं. बाईंनी कशीबशी इशाऱ्याची हकिकत सांगितली. पलीकडे रघुजींनी कुणाला तरी हाक मारून बोटींचं विचारलं. मग म्हणाले, “आता फोन लागतलो. तासाभरान रेंजच्या भायर जातले.” आणि त्यांनी फोन ठेवला.

बाई उठल्या. “तनय, परत फोन लावायचे. सगळ्यांना. आत्ता.”

“काकू, सेकंड कॉलला वरून अप्रूव्हल लागतं. आणि तेच रेकॉर्डिंग परत गेलं तर परत आठ सेकंदांतच कट करतील.”

“तेच नाही. नवीन.”

“पत्रक तर तेच आहे.”

“स्वल्प थांब आणि माइक चालू कर. नंतर मला काढून टाकायचं तर टाकू देत. त्यांना सांग, बाईंनी ऐकलं नाही.”

तनयने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालायला त्याला एरवी फार आवडतं. त्या दिवशी त्याने मुकाट्याने माइक चालू केला.

बाईंनी नमस्कार केला नाही. “मी हेमलता. दुपारी माझ्या घरी चांगली बातमी आली होती, म्हणून मी तशी बोलले. समुद्र चांगला नाही. रात्री दहापासून मोठा वारा आहे, साडेतीन मीटर लाटा आहेत. जे गेलेत त्यांनी आत्ता मागे फिरा. ज्यांचा फोन लागत नसेल त्यांना दुसऱ्या बोटीने कळवा. चूक माझी आहे. मागे फिरा.” शेवटच्या शब्दांना आवाज फाटला. तनयने तो तसाच पाठवला.

मग बघत बसण्यापलीकडे काही उरलं नाही. तनयच्या पडद्यावर आकडे येऊ लागले. लोक शेवटपर्यंत ऐकत होते. काहींनी दोनदा ऐकलं. पण बावीस फोन लागलेच नाहीत, आणि रघुजींच्या मुलाचा त्यात होता. पडद्यावर त्या नंबरासमोर ‘आवाक्याबाहेर’ एवढंच लिहून येत होतं, आणि तनयने पुन्हा लावला की पुन्हा तेच.

साडेपाचला पहिल्या बोटी जेटीला लागल्याचं रघुजींनी कळवलं. सहाला आणखी काही. साडेसहाला त्यांनी सांगितलं की मालवणकडच्या धरून पाच बोटी राहिल्यात. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. सूर्यकांतचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही बाईंनी कापले. ज्या माणसासाठी बारा दिवस देव पाण्यात घालून ठेवले होते त्याच्या आवाजाचीच त्यांना त्या वेळी भीती वाटत होती. आपल्याला जे सुख मिळालं ते दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलं असेल तर, असा वेडा विचार त्यांच्या मनात आला आणि जाईना.

सव्वासातला रघुजींचा फोन आला. एका बोटवाल्याने उलटं फिरण्याआधी आणखी आत जाऊन, काठीला लुंगी बांधून, मुलाच्या बोटीला हाका मारून आणलं होतं. “पाचय इल्यो,” रघुजी म्हणाले. “सगळे इले, बाय.” बाई खुर्चीत बसून मोठ्याने रडल्या. तनय खाली जाऊन दोन कॉफ्या घेऊन आला, बाईंची तशीच निवून गेली. घरी जाताना म्हैसूरपाक आणायचा राहून गेला.

रात्री वारा आला. जेटीवरचे दोन पत्रे उडाले. माणूस कुणी दर्यात नव्हतं.

बाईंना कुणी काढलं नाही. उलट, पुढे काय करायचं ते त्यांच्यावरच सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन गोष्टी मागून घेतल्या. नमस्कार काढायचा आणि पहिलंच वाक्य जायचं की नाही याचं असावं. तिसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हातातली होती. त्यांनी ठरवलं, आवाज रोज एकच. शांत समुद्राला जो तोच खवळलेल्याला. ऐकायला सोपं वाटतं, पण बाई आठ दिवस घरी आरशासमोर बसून याद्या वाचत होत्या. सूर्यकांत म्हणे, “किराणाही बातम्यांसारखा वाचतेस.” माइकसमोर बसताना त्या आता भिंतीकडे बघत नाहीत. पाणी मनात उभं राहायला लागलं की बोटाचं नख टेबलाच्या कडेत रोवतात. पूर्वीसारखं वाचल्यावर मोकळं वाटत नाही. यंत्राबद्दल त्या आता काही म्हणत नाहीत.

महिन्याभराने रघुजींचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलं होतं, ते सांगून झालं, बाईंनी समुद्र बघायला यायचं हेही झालं. मग ते जरा घुटमळले.

“बाय, रागाव नकात. पण आता तुमच्या आवाजातसून काय कळणा नाय. सगळा ऐकूचा लागता. शेवटपर्यंत.”

“सरी,” बाईंच्या तोंडून कानडीतलं ‘बरं’ निघून गेलं, “तसंच ऐकत जा,” आणि फोन ठेवून, नख टेबलाच्या कडेत रोवून, आलेलं पत्रक वाचायला लागल्या.