धावपट्टीवरच्या मेंढ्या
नव्या पेठेतून आणलेली घोंगडी काल उन्हात टाकली आणि लोकरीच्या उबट वासानं मला होटगी रस्त्यावरची धावपट्टी आठवली. मी सरकारी विमान खात्यात होतो. शिकाऊ वैमानिकांची उड्डाणं आमच्या विभागाकडं, साहेबलोकांची ने-आण दुसऱ्याकडं, आणि दोघांचं आपसात कधी पटलं नाही. विमान उतरायच्या आधी दोघांच्या जीपा वेगवेगळ्या निघत आणि विमानतळाच्या भिंतीच्या खिंडारातून आत शिरलेल्या मेंढ्या दोनदा हाकलल्या जात. मग वरून हुकूम आला, सगळी उड्डाणं एकाच विभागाखाली. पहिल्या सकाळी आम्ही प्रथमच एका टेबलाभोवती बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो. तेवढ्यात वायरलेसवर वैमानिकाचा आवाज आला, "खाली मेंढ्या आहेत. घिरट्या घालतोय, पण इंधन फार नाही." भाकरी तशीच टाकून उठलो. त्यांची जीप गेली असेल असं आम्हाला वाटलं होतं, आणि आमची गेली असेल असं त्यांना. सगळे एकाच जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सुटलो. वाळल्या गवतातून धनगरीण निवांत उठली. "रोज दोन गाड्या येत्यात की," ती म्हणाली, "आज एकबी न्हाय. मला वाटलं, सुट्टी हाय." मेंढ्या हटल्या, विमान सुखरूप टेकलं आणि उरलेली भाकरी आम्ही हसत हसत वाटून खाल्ली. काल घोंगडी उलटवताना धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, मी आणि दादानं आता आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात आणायचं ठरवलंय." मला फार बरं वाटलं. पण आधी विचारलं, "मेंढ्या कोण हाकलणार?"